जेम्स बाँड न्यायालयात, मृत्यूची नोंद दप्तरात : प्रणयकादंबरी इतिहासाचं साधन कशी होते?

जानेवारी २०१३. लंडनच्या उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं. काही स्त्रियांनी मेट्रोपॉलिटन पोलिसांवर दावा लावला होता. त्यांचं म्हणणं असं : ज्यांच्याबरोबर आम्ही जोडीदार म्हणून राहिलो, संसाराची स्वप्नं पाहिली, ते पुरुष खोट्या नावाने आमच्यात घुसलेले पोलीस निघाले. सुरुवातीचा वाद अधिकारक्षेत्राचा होता. यातला मानवी हक्कांचा भाग उघड न्यायालयात चालवायचा, की गुप्त कारवायांच्या तक्रारी ऐकणाऱ्या खास न्यायाधिकरणापुढे? त्यासाठी न्यायमूर्ती टुगेंडहॅट यांना एक गोष्ट ठरवायची होती. २००० साली पाळतीचा कायदा करताना संसदेच्या डोळ्यांसमोर असे शारीरिक संबंध होते का?

इथे त्यांनी दाखला दिला तो जेम्स बाँडचा. माहिती काढण्यासाठी स्त्रियांशी संबंध ठेवणारा हेर सगळ्यांना कथांमधून ठाऊक आहे. अशा कथा आहेत त्यावरून गुप्तहेर आणि पोलीस हे प्रकार बरीच वर्षं करत आले असावेत या समजाला बळ मिळतं, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. मानवी हक्कांचे दावे न्यायाधिकरणाकडे जावेत, असा निर्णय लागला.

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांनी या प्रसंगापाशी थोडं थांबायला हवं. एक काल्पनिक पात्र पुरावा म्हणून न्यायालयात उभं राहिलं होतं. कादंबरी कशाचा पुरावा असते आणि कशाचा नसते, हा प्रश्न आपण एरवी पद्धतीशास्त्राच्या पेपरापुरता ठेवतो. इथे त्यावर जिवंत माणसांचा न्याय थोडाफार अवलंबून होता. म्हणून आज आपण एक असा साहित्यप्रकार घेऊ ज्याला संशोधनात फारसं कुणी गंभीरपणे घेत नाही : अंडरकव्हर नायकाची, भरपूर शृंगार असलेली रहस्यमय प्रणयकादंबरी. इंग्रजीत तिला रोमँटिक सस्पेन्स म्हणतात. आणि तिच्याशेजारी ठेवू ब्रिटनमधल्या छुप्या पोलिसांचा खरा इतिहास.

आधी साहित्यप्रकार नीट ओळखू

या कादंबऱ्यांचा साचा तुम्हाला माहीत असेल. नायक पोलीस किंवा गुप्तहेर. एखाद्या टोळीत, कंपनीत किंवा कुटुंबात तो खोट्या नावाने शिरतो. नायिका त्याच जगातली असते. कधी संशयित, कधी साक्षीदार, कधी नुसतीच मधे सापडलेली. दोघं एकमेकांकडे ओढले जातात. मग खोटेपणा उघडा पडतो, सगळं मोडतं, नायकाला जिवावरचा धोका पत्करून स्वतःला सिद्ध करावं लागतं आणि शेवटी विश्वास परत जुळतो. शेवट गोड असणं हा इथे अलिखित करार आहे. प्रणयकादंबरी लिहिणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना १९८० साली स्थापन झाली. तिच्या व्याख्येतही दोनच गोष्टी आवश्यक मानल्या होत्या : मध्यवर्ती प्रेमकथा आणि भावनिक समाधान देणारा आशादायी शेवट.

याची वंशावळ पाहा. १९३८ ची डाफ्ने द्यू मॉरिए यांची ‘रेबेका’. नवऱ्याचं गुपित काय, हे नायिकेला माहीत नाही आणि तीच कथा सांगतेय, त्यामुळे वाचकालाही माहीत नाही. १९४६ चा हिचकॉकचा ‘नटोरियस’. इथे हेरगिरी करणारी स्त्रीच आहे. सरकार तिला रिओमधल्या नाझी गोटात पाठवतं आणि जो अधिकारी तिच्यावर प्रेम करतो तोच तिला तिथे जाऊ देतो. पन्नाशीच्या दशकात मेरी स्ट्यूअर्ट यांनी प्रवास, रहस्य आणि प्रेम एकत्र गुंफणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या. त्याही बहुधा नायिकेच्या तोंडून. १९७२ साली कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ आली आणि शयनगृहाचं दार वाचकांसाठी उघडं राहू लागलं. १९८४ साली हार्लेक्विनने ‘इंट्रिग’ नावाची स्वतंत्र मालिका काढली. रहस्य आणि प्रणय यांची मोट बांधून दर महिन्याला पुस्तकं बाजारात येऊ लागली.

या वंशावळीत एक बदल इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपायलाच हवा. जुन्या कादंबऱ्यांत वाचक नायिकेइतकाच अंधारात असायचा. १९८० च्या दशकापासून मात्र नायकाच्या मनातलं सांगणारी प्रकरणं रूढ होत गेली. एक प्रकरण तिचं, एक त्याचं. वरवर पाहता ही लेखनाची सोय वाटते, पण तिने मुख्य प्रश्नच बदलला. ‘रेबेका’ वाचताना आपण विचारतो, हा माणूस गुन्हेगार आहे का? दुहेरी निवेदनाच्या कादंबरीत आपण विचारतो, हा तिला खरं कधी सांगणार? त्याचं प्रेम खरं आहे, याची खात्री आपल्याला आधीच मिळालेली असते. त्याच्या डोक्यात आपण बसलेलो असतो ना!

आणि शृंगाराची प्रकरणं? ‘मसाला’ म्हणून ती बाजूला सारू नका. या साच्यात त्यांना ठरलेलं काम असतं. नाव खोटं, नोकरी खोटी, गाव खोटं, पण शरीर खोटं बोलत नाही, असं ती प्रकरणं सांगत असतात. पुढे नायिका जेव्हा ‘आपल्यात खरं काय होतं?’ असं विचारते, तेव्हा कादंबरी वाचकाला त्याच पानांकडे बोट दाखवते. म्हणजे प्रणयदृश्य हा कथेतला पुरावा असतो.

वाचक भोळे नसतात

तुमच्या मनात एक शंका येईल : असली पुस्तकं वाचणाऱ्या बायकांना हे सगळं खरं वाटतं का? ही शंका जुनी आहे आणि तिच्यावर चांगलं काम झालेलं आहे. तानिया मोडलेस्की यांनी १९८२ साली दाखवलं, की साचा माहीत असल्यामुळे वाचक नायिकेपेक्षा शहाणी असते. नायक तुसडा का वागतो, हे नायिकेला कळत नाही. वाचकाला ते पहिल्या पानापासून कळलेलं असतं. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या एका गावातल्या वाचकांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला. गावाला त्यांनी ‘स्मिथटन’ असं बदललेलं नाव दिलं. त्या बायकांच्या दृष्टीने पुस्तक हातात घेणं म्हणजेच घरच्या कामांतून स्वतःसाठी काढलेला वेळ होता. आपण जे ‘पलायन’ म्हणून हिणवतो, ते त्यांच्या दिवसातलं हक्काचं अंतर होतं.

या दोन अभ्यासांतून आपल्याला पहिला धडा मिळतो. लोकप्रिय कादंबरी ‘असं घडलं’ याचा पुरावा देत नाही. काय विश्वसनीय वाटत होतं, कशाची भीती होती, कोणती गोष्ट माफ करण्याजोगी ठरत होती, हे ती सांगते. बाँडच्या दाखल्यातली अडचण इथेच आहे. बाँडकथा एवढंच सिद्ध करू शकते, की लोकांना अशा हेराची सवय झाली होती. सवय म्हणजे संमती नव्हे, आणि कायद्याने दिलेली परवानगी तर नव्हेच.

आता दप्तर उघडू

१७ मार्च १९६८ रोजी लंडनमध्ये अमेरिकी वकिलातीसमोर, ग्रोव्हनर चौकात, व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं आंदोलन चिघळलं. त्याच वर्षी मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या विशेष शाखेत एक गुप्त पथक तयार झालं. पुढे ते स्पेशल डेमॉन्स्ट्रेशन स्क्वॉड या नावाने ओळखलं गेलं आणि २००८ पर्यंत चाललं. १९९९ साली याच धर्तीवर आणखी एक राष्ट्रीय पथक आलं. या काळात सुमारे १३९ अधिकाऱ्यांनी हजाराहून अधिक राजकीय गटांवर पाळत ठेवली. अधिकारी काही वर्षं केस वाढवून, व्हॅन घेऊन, कार्यकर्ते बनून राहायचे. त्यातल्या अनेकांनी स्त्रियांशी दीर्घ संबंध ठेवले.

खोटी ओळख ते कशी तयार करत? अनेक वर्षं त्यांची रीत अशी होती : जन्म-मृत्यूंच्या नोंदींत जायचं, आपल्याच वयाच्या आसपास जन्मलेलं आणि लहानपणीच वारलेलं मूल शोधायचं, आणि त्याचं नाव व जन्मतारीख घ्यायची. पथकात या रीतीला ‘जॅकल रन’ म्हणत. फ्रेडरिक फोर्साइथ यांच्या १९७१ च्या ‘द डे ऑफ द जॅकल’ कादंबरीतला मारेकरी हीच युक्ती करतो. पाहा, इथे कादंबरी आणि दप्तर यांची सरमिसळ झाली आहे. पोलिसांनी स्वतःच्या कामाला नाव दिलं ते एका थरारकथेतून.

दुसरा कागद आहे पथकाची अंतर्गत मार्गदर्शिका. १९९५ सालची ही मार्गदर्शिका चौकशी आयोगाने नंतर प्रसिद्ध केली. तिच्यात संबंधांबद्दलही सल्ला आहे. टाळता येत नसेलच, तर ते अल्पजीवी असावेत, फसलेले असावेत आणि महत्त्वाची माहिती जिथून मिळते तिथल्या व्यक्तीशी नसावेत, अशा आशयाचा. तो वाचताना अंगावर काटा येतो, पण संशोधक म्हणून त्याची भाषा बघा. त्यात सगळी काळजी अधिकाऱ्याच्या बतावणीची आहे. समोरच्या स्त्रीचं काय होईल, हा प्रश्नच त्यात येत नाही.

हेलन स्टील यांचं संशोधन

लंडनमधल्या कार्यकर्त्या हेलन स्टील यांचं नाव मॅकडोनाल्ड्सविरुद्धच्या गाजलेल्या बदनामी खटल्यामुळे अनेकांना माहीत आहे. १९९० पासून त्या ‘जॉन बार्कर’ नावाच्या सहकाऱ्याबरोबर राहत होत्या. काही काळाने तो मनाने खचल्यासारखा वागू लागला आणि १९९२ मध्ये निघून गेला. दक्षिण आफ्रिकेतून पत्रं आली, मग तीही थांबली. त्याच्या जिवाचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, या काळजीने त्या शोध घेऊ लागल्या.

शोध कुठे घेतला? सार्वजनिक नोंदींत. १९९४ साली त्यांना बार्करच्या नावाची मृत्यूची नोंद सापडली. हा जॉन बार्कर आठव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला होता. म्हणजे ज्या माणसावर त्यांनी प्रेम केलं, त्याचं नाव एका मृत मुलाचं होतं. मग तो माणूस कोण? हा प्रश्न पुढे अनेक वर्षं चालला. नंतर त्यांना एक विवाह नोंदणीचा कागद मिळाला. त्यावर नाव होतं जॉन डाइन्स, आणि व्यवसाय पोलीस.

इथे जरा थांबा. इंग्लंड आणि वेल्सच्या नोंदींच्या सूची तेव्हा लंडनच्या सेंट कॅथरिन्स हाउसमध्ये लोकांना पाहायला ठेवलेल्या असत. पोलीस अधिकारी तिथेच जाऊन मृत मुलांची नावं शोधत. खोटं ज्या प्रकारच्या नोंदवह्यांतून रचलं गेलं, तशाच नोंदवह्यांनी ते उलगडलं. दप्तर स्वतः कुणाच्या बाजूचं नसतं. कोण कोणता प्रश्न घेऊन त्याच्यापाशी येतं, त्यावर सगळं अवलंबून असतं.

बाकीच्या स्त्रियांचे मार्गही असेच कागदांतून गेले. ‘ॲलिसन’ या बदललेल्या नावाने पुढे आलेल्या स्त्रीला जोडीदाराच्या जाकिटात दुसऱ्याच आडनावाचं बँकेचं कार्ड सापडलं होतं. त्याने त्यावर एक थाप मारली. मार्क केनेडी हा अधिकारी ‘मार्क स्टोन’ या नावाने २००३ पासून सात वर्षं वावरला. २०१० मध्ये त्याच्या जोडीदाराच्या हाती त्याचा खऱ्या नावाचा पासपोर्ट लागला आणि पुढे सगळं उघडकीला आलं. डिसेंबर २०११ मध्ये आठ स्त्रियांनी कायदेशीर लढाई सुरू केली. पोलिसांची भूमिका ‘आम्ही दुजोराही देत नाही, इन्कारही करत नाही’ अशी होती. २० नोव्हेंबर २०१५ रोजी मेट्रोपॉलिटन पोलिसांनी सात स्त्रियांची जाहीर माफी मागितली आणि हे संबंध फसवणुकीचे व अत्याचाराचे होते, हे मान्य केलं. सप्टेंबर २०२१ मध्ये केट विल्सन यांच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने मानवी हक्कांच्या पाच कलमांचा भंग झाल्याचा निकाल दिला. त्यात अमानुष वागणुकीपासून संरक्षण देणारं कलमही होतं. गंमत म्हणा की दैवगती, हे तेच न्यायाधिकरण, जिथे दावे पाठवताना बाँडचं नाव निघालं होतं. सार्वजनिक चौकशी आयोगाचा पहिला अंतरिम अहवाल २०२३ मध्ये आला. पथकाच्या कामातून जे साधलं त्याने वापरलेले मार्ग समर्थनीय ठरत नाहीत आणि ते फार आधीच बंद व्हायला हवं होतं, असा त्याचा निष्कर्ष आहे.

दोन्ही शेजारी ठेवून वाचू

आता कादंबरी आणि दप्तर यांच्यावर एकच प्रश्न टाकू : कुणाला, काय, कधी कळलं?

कादंबरीत नायकाच्या मनातलं वाचकाला आधी कळतं, नायिकेला उशिरा, पण कळतं नक्की. सांगतो तोच. कबुली हा कथेचा कणा आहे. पामेला रेजिस यांनी २००३ च्या आपल्या अभ्यासात प्रणयकादंबरीचे आठ घटक मांडले आहेत. त्यांत एक टप्पा सगळं संपल्यासारखं वाटण्याचा आहे आणि एक आतापर्यंतचा अडथळा दूर करणारी गोष्ट उमगण्याचा. अंडरकव्हर कथेत ही उमज बहुतेक वेळा नायकाच्या कबुलीतून येते.

खऱ्या इतिहासात कबुली आपणहून आली नाही. नायकाच्या मनातलं प्रकरण लिहिलेलंच नव्हतं. त्याच्या जागी होते वरिष्ठांसाठीचे अहवाल, आणि ते गोपनीय होते. त्याला खरंच प्रेम वाटलं होतं का, याचं उत्तर कोणत्याही कागदात नाही. आणि कादंबरीत जी प्रणयदृश्यं खरेपणाचा पुरावा असतात, तीच इथे फसवणुकीचा गाभा ठरली. ‘त्याचं सगळं खोटं असलं तरी स्पर्श खरा होता’ असं या स्त्रियांना म्हणता आलं नाही. उलट, ज्याला आपण होकार दिला तो माणूस अस्तित्वातच नव्हता, मग त्या होकाराचं काय, असा प्रश्न त्यांच्या वाट्याला आला.

माझं प्रतिपादन असं आहे : अंडरकव्हर प्रणयकादंबरीचं आकर्षण शृंगारात जितकं आहे, त्याहून जास्त ते या खात्रीत आहे, की फसवणारा एक दिवस आपणहून सगळं सांगेल. वाचकाला ती खात्री हवीशी वाटते, कारण जगात ती मिळत नाही. कादंबरीतल्या नायिकेला विश्वास ठेवायला शिकावं लागतं. हेलन स्टील यांना पुरावा शोधायला शिकावं लागलं. साहित्यप्रकार वाचून कशाची भूक होती ते समजतं. दप्तर वाचून काय वाढलं गेलं ते समजतं. एकटं एक वाचलंत तर अर्धंच हाती लागेल.

तुमच्या संशोधनासाठी

लोकप्रिय साहित्य साधन म्हणून घेणार असाल, तर काही गोष्टी सवयीच्या करा. एक पुस्तक उचलून ‘त्या काळात असं होतं’ म्हणू नका; साच्यात बदल कधी झाला ते शोधा. निवेदन कुणाचं आहे ते नोंदवा. वाचक कोण होते, पुस्तक कुठून मिळायचं, किंमत काय, हे पाहा. आणि मग त्याच विषयाची दुसऱ्या जातीची साधनं शोधा : न्यायालयीन निकाल, आयोगाचे अहवाल, नोंदवह्या, साक्षी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वेषांतर करणारा नायक मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्या कथांतला नायक घरच्यांना खरं कधी सांगतो, सांगतो का, हा प्रश्न घेऊन कुणी त्या रांगेने वाचायला घेतल्या, तर एका प्रबंधाचं प्रकरण सहज उभं राहील. पुस्तकं मात्र लवकर शोधा. स्वस्त कागद फार काळ टिकत नाही.

शेवटची गोष्ट तुमच्या स्वतःबद्दल. क्षेत्रकार्यात आपणही लोकांच्या घरात शिरतो, चहा पितो, आपलेपणा मिळवतो आणि मग वहीत नोंदी करतो. लॉड हंफ्रीज या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरुषांच्या गुप्त भेटींचं निरीक्षण केलं होतं. मोटारींचे क्रमांक टिपून त्यांचे पत्ते काढले आणि वर्षभराने वेष बदलून, आरोग्य सर्वेक्षणाच्या निमित्ताने तो त्यांच्या घरी गेला. निष्कर्ष उपयोगी होते, समाजातला कलंक कमी करणारे होते, असं आजही काही जण म्हणतात. तरीही संमतीच्या चर्चेत त्याचं नाव इशारा म्हणून घेतलं जातं.

तेव्हा संमतीपत्रकाचा नमुना भरताना त्याला विद्यापीठाची कटकट समजू नका. एक साधी तपासणी करा. तुमची वही, जशीच्या तशी, उद्या समोरच्या माणसाच्या हाती पडली, तर तुम्ही कोण आहात याबद्दल त्याला नव्याने काही कळेल का? कळणार असेल, तर ते आजच, तुमच्या तोंडून त्याला कळू दे. दप्तरात शोधायला लावू नका.